कुष्ठरोगाचा नकाशा करताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रुग्णांची यादी हातात आली आणि गावांच्या सीमांची फाइल मिळाली, की संगणकावर रंगीत नकाशा तयार व्हायला अर्धा तासही लागत नाही. तो नकाशा नेमकं काय सांगतो हे ठरवायला मात्र बराच वेळ लागतो. त्या रंगांत तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: रोग खरोखर कुठे जास्त आहे, रुग्ण कुठे जास्त शोधले गेले, आणि आकडे लहान असल्यामुळे निव्वळ योगायोगाने कुठे रंग चढला. या तिन्ही शक्य तितक्या वेगळ्या करणं, एवढ्यासाठीच इथे संख्याशास्त्र हवं. ज्यांना टक्केवारी आणि सरासरी कळते, एक्सेल वापरता येतं, पण नकाशाचं काम कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

काम तसं जुनं आहे. नॉर्वेने १८५६ मध्येच कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. रोग देशभर सारखा पसरलेला नसून पश्चिम किनाऱ्यावर एकवटला आहे, हे त्या नोंदींतून दिसत होतं. नॉर्वेतल्याच बर्गन शहरात काम करणाऱ्या डॉक्टर हान्सेनने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू पाहिला. रोग आनुवंशिक नसून संसर्गाने होतो हे मांडताना त्याने सूक्ष्मदर्शकाइतकाच या नोंदींचाही आधार घेतला.

आधी प्रश्न, मग आकडे

नकाशा कशासाठी हवा आहे ते एका वाक्यात लिहून काढा. ‘पुढच्या शोधमोहिमेसाठी कोणती गावं निवडायची?’, ‘संसर्ग कमी होतोय का?’ आणि ‘रुग्ण उशिरा सापडतात तो भाग कोणता?’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे नकाशेही वेगळे असतात.

प्रश्न ठरला की निर्देशांक ठरतो, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. ठरावीक दिवशी उपचार चालू असलेल्या रुग्णांचा दर सहज मिळतो, म्हणून तोच नकाशावर रंगवला जातो. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट ठेवलं, तेव्हापासून हा आकडा प्रसिद्ध आहे. पण तो उपचार किती महिने चालतो यावर अवलंबून असतो. एमबी रुग्णांचा, म्हणजे ज्यांच्या शरीरात जंतू जास्त असतात त्यांचा, बहुविध औषधोपचार आधी २४ महिन्यांचा होता, नंतर तो १२ महिन्यांचा झाला. नवे रुग्ण अगदी तेवढेच सापडत राहिले तरी अशा बदलानंतर नोंदवहीतली त्यांची संख्या निम्म्यावर येते. संसर्गात काहीही फरक पडलेला नसतो.

म्हणून प्रादेशिक नकाशासाठी वर्षभरात सापडलेले नवे रुग्ण घ्या. त्यांच्याबरोबर प्रत्येक भागासाठी आणखी तीन आकडे मागून घ्या: नव्या रुग्णांत १५ वर्षांखालची मुलं किती, एमबी किती, आणि निदानाच्या वेळीच डोळे, हात किंवा पायांवर दिसणारी विकृती (ग्रेड २) असलेले किती. पुढे यांची फार गरज पडणार आहे.

यादी साफ करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. एकाच नावाची दोन-तीन गावं एका जिल्ह्यात असतात. एकाच गावाचं नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं. नावावरून जोडणी करू नका, सरकारी गाव-संकेतांकावरून करा. संकेतांक नसेल तर आधी तो भरा, नंतरच नकाशाकडे वळा.

पत्ता तपासताना तो कशाचा आहे ते पाहा. रुग्ण मोठ्या रुग्णालयात जाऊन निदान करून घेतात आणि काही नोंदींत त्या शहराचाच पत्ता पडतो. एखादं रुग्णालय असलेलं शहर एकटंच गडद दिसत असेल तर पहिला संशय यावर घ्या. पुढचा मुद्दा या रोगाच्या स्वभावाचा आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, काहींच्या बाबतीत वीस किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे आजचा पत्ता ही संसर्गाची जागा असेलच असं नाही. स्थलांतर जास्त असलेल्या भागात ‘गेली पाच वर्षं राहणं कुठे?’ हा रकाना यादीत असेल तर तो सोन्यासारखा जपा.

दुबार नोंदी काढा. उपचार अर्धवट सोडून परत आलेला किंवा रोग उलटलेला रुग्ण ‘नवा’ म्हणून मोजला गेला आहे का, तेही पाहा.

भाजक

दर काढायला लोकसंख्या लागते आणि ती बहुधा जुनी असते. भारतात २०११ नंतरची जनगणना लांबत गेली, त्यामुळे अजूनही अनेक हिशेब त्याच आकड्यांवर वाढीचा अंदाज चढवून केले जातात. सगळ्या गावांना एकच वाढीचा दर लावला तर शहराच्या कडेची झपाट्याने वाढलेली वस्ती उगाचच गडद दिसेल, कारण रुग्ण आजचे आणि भाजक कालचा. आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी केलेली गणना उपलब्ध असेल तर ती पडताळणीसाठी वापरा.

कुष्ठरोग हळू चालणारा रोग आहे, त्यामुळे एका वर्षाचे आकडे घेऊन गावपातळीचा नकाशा करण्यात अर्थ नाही. तीन ते पाच वर्षं एकत्र करा. पाच वर्षांचे रुग्ण घेतले तर भाजकही लोकसंख्या गुणिले पाच घ्यायचा, हे विसरू नका.

वयाचा फरकही लक्षात घ्यावा लागतो. एका भागात वृद्ध जास्त आणि दुसऱ्यात मुलं जास्त असतील तर सरळ तुलना फसवी ठरते. संपूर्ण प्रदेशाचे वयोगटनिहाय दर प्रत्येक गावाच्या लोकसंख्येला लावून ‘अपेक्षित रुग्ण’ काढा आणि प्रत्यक्ष रुग्णांना त्याने भागा. एकाहून जास्त उत्तर आलं तर अपेक्षेपेक्षा रुग्ण जास्त, कमी आलं तर कमी.

लहान आकड्यांचं प्रकरण

या लेखातला एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

समजा एका प्रदेशाचा सरासरी दर लाखामागे २० आहे. त्यातल्या ४०० वस्तीच्या गावात एक रुग्ण सापडला. त्या गावाचा दर झाला लाखामागे २५०, म्हणजे सरासरीच्या साडेबारा पट. नकाशावर ते गाव सर्वांत गडद रंगात येणार. पण अशा गावात सरासरीने अपेक्षित रुग्ण किती? ०.०८. पॉयसाँ वितरणाने (विरळ घटना योगायोगाने किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या सूत्राने) हिशेब केला तर निव्वळ योगायोगाने किमान एक रुग्ण असण्याची शक्यता ७.७ टक्के निघते. याचा अर्थ असा, की तशी शंभर गावं असतील आणि सगळ्यांत धोका अगदी सारखा असेल, तरीही त्यांतली सात-आठ गावं नकाशावर पेटलेली दिसतील आणि उरलेली अगदी स्वच्छ. पुढच्या वर्षी दुसरीच सात-आठ पेटतील. हे पाहून पथकं पाठवली तर कर्मचारी वर्षानुवर्षं योगायोगाचा पाठलाग करत राहतील.

यावरचा पहिला उपाय म्हणजे अनुभवाधारित बेझ पद्धत. कल्पना सोपी आहे: ज्या गावाची माहिती तुटपुंजी आहे त्याचा दर प्रदेशाच्या सरासरीकडे ओढायचा, आणि ज्याची माहिती भरपूर आहे त्याला त्याच्या स्वतःच्या आकड्यावर उभं राहू द्यायचं. वरच्याच प्रदेशात प्रत्येक गावाला सुरुवातीला ‘१०,००० लोकांत २ रुग्ण’ एवढी उसनी माहिती देऊ. हाही लाखामागे २० चाच दर आहे. आता हिशेब पाहा.

४०० वस्ती, १ रुग्ण: (१ + २) ÷ (४०० + १०,०००), म्हणजे लाखामागे सुमारे २९.

४०० वस्ती, ० रुग्ण: २ ÷ १०,४००, म्हणजे लाखामागे सुमारे १९.

६०,००० वस्ती, ३० रुग्ण: (३० + २) ÷ ७०,०००, म्हणजे लाखामागे सुमारे ४६. मूळ दर ५० होता, तो फारसा हलला नाही.

आधी २५० विरुद्ध ५० असं दिसणारं चित्र आता २९ विरुद्ध ४६ असं उलटं झालं. शिवाय शून्य रुग्णांचं गाव आता ‘रोगमुक्त’ दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. ४०० माणसांत एकही रुग्ण न सापडणं हा फार क्षीण पुरावा आहे.

उसन्या माहितीचे ते २ आणि १०,००० मनाने ठरवायचे नसतात. सॉफ्टवेअर ते तुमच्याच आकड्यांतून काढतं. गावागावांत खरा फरक मोठा असेल तर १०,००० ची ती संख्या लहान होते आणि दर सरासरीकडे कमी ओढले जातात. जिओडा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मेन्यूतच आहे. पुढची पायरी हवी असेल तर बेसाग, यॉर्क आणि मोलिए यांनी १९९१ मध्ये मांडलेलं प्रारूप आहे. त्यात दर सरासरीकडे ओढला जातोच, शिवाय शेजारच्या गावांकडेही ओढला जातो. त्यासाठी ‘आर’ ही संगणकाची भाषा शिकावी लागते. पहिल्या महिन्यात त्याच्या मागे लागू नका.

एक नकाशा दराचा आणि शेजारी दुसरा खात्रीचा, अशी जोडी द्यायची सवय लावा. ‘या गावाचा खरा दर लाखामागे ४० पेक्षा जास्त असण्याची शक्यता किती?’ हा प्रश्न निर्णय घेणाऱ्यांना चटकन कळतो. वरच्या उदाहरणात लहान गावासाठी उत्तर येतं सुमारे २२ टक्के, मोठ्या वस्तीसाठी सुमारे ७५ टक्के. पथक आधी कुठे पाठवायचं हे त्यावरून सांगता येतं.

शेजार आणि पुंजके

दर असे ओढून सावरले की पुढचा प्रश्न: जास्त दराची गावं एकमेकांजवळ आहेत की विखुरलेली? मोरान निर्देशांक हे एका आकड्यात सांगतो. तो शून्याच्या आसपास असेल तर काही रचना नाही, धन असेल तर सारखी गावं सारख्यांजवळ आहेत. शेजारी कोण हे तुम्हीच ठरवायचं असतं: सीमा लागून असलेली गावं, की जवळची ठरावीक चार-पाच. दोन्ही करून पाहा. उत्तर दोन्हीकडे सारखं आलं तर विश्वास ठेवा.

दोन सापळे आहेत. कच्च्या दरांवर मोरान चालवला तर लहान गावांची उसळी निकाल बिघडवते, म्हणून असुन्साओ आणि राइस यांनी १९९९ मध्ये सुचवलेली बेझ-दुरुस्ती असलेली आवृत्ती वापरा, तीही जिओडात आहे. दुसरा सापळा जास्त वाईट आहे. शेजाऱ्यांकडे ओढून सावरलेले दर मोरानला देऊ नका. शेजाऱ्यांना तुम्हीच सारखं केलं, आणि मग ते सारखे आहेत का असं विचारलं, तर उत्तर ‘हो’च येणार.

पुंजका नेमका कुठे आहे हे शोधायला मार्टिन कुलडॉर्फ यांची अवकाशीय स्कॅन पद्धत (१९९७) सर्वांत उपयोगी आहे. सॅटस्कॅन हे तिचं मोफत सॉफ्टवेअर. नकाशावर लहानमोठी हजारो वर्तुळं फिरवली जातात. प्रत्येक वर्तुळाच्या आत आणि बाहेर रुग्णांचं प्रमाण किती वेगळं आहे ते मोजलं जातं, आणि सर्वांत वेगळं वर्तुळ योगायोगाने इतकं वेगळं निघालं असतं का, हे ९९९ वेळा आकडे नव्याने वाटून तपासलं जातं. मोठा फायदा असा, की अनेक जागा तपासल्यामुळे होणारी फसगत यात आधीच हिशेबात धरलेली असते. नुसती प्रत्येक गावाची वेगळी चाचणी ५ टक्के पातळीवर घेतली तर ३०० गावांत १५ खोटे इशारे सहज मिळतील.

सॅटस्कॅनमध्ये पॉयसाँ प्रारूप निवडा. वर्तुळाची कमाल मर्यादा मुळात ५० टक्के लोकसंख्या अशी ठेवलेली असते. ती तशीच ठेवली तर कधीकधी अर्धा जिल्हाच ‘पुंजका’ म्हणून समोर येतो आणि त्याचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही. १० टक्क्यांच्या आसपास आणून पुन्हा चालवा. ठरवलेली मर्यादा अहवालात लिहा. नदीकाठाने किंवा रस्त्याने लांबट पसरलेला पुंजका वर्तुळात नीट बसत नाही, त्यासाठी लंबवर्तुळाचा पर्याय आहे.

पुंजक्यांचा आकार समजून घेताना हे लक्षात ठेवा, की हा रोग दीर्घकाळच्या जवळच्या सहवासातून, नाकातोंडातल्या तुषारांतून पसरतो. सर्वांत जास्त धोका घरातल्यांना, मग शेजाऱ्यांना. बांगलादेशात आणि कोमोरोस बेटांवर झालेल्या अभ्यासांत धोका घराच्या भिंतीपाशी थांबत नाही हे दिसलं आहे. तालुकापातळीचा नकाशा हे कधीच दाखवू शकणार नाही. जेवढा लहान घटक घेता येईल तेवढा घ्या, आणि लहान आकड्यांचा त्रास वरच्या पद्धतींनी सोसा.

शोध किती झाला होता?

जगात २०१९ मध्ये दोन लाखांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये हा आकडा सुमारे १ लाख २७ हजारांवर आला. रोग एका वर्षात एवढा घटत नाही. कोविडच्या महासाथीत शोध बराचसा थांबला होता. जगाच्या पातळीवर जे झालं तेच लहान प्रमाणात प्रत्येक नकाशात होत असतं: जिथे मोहीम झाली ते गाव गडद, जिथे कोणी फिरकलंच नाही ते फिकट.

म्हणून आधी गोळा केलेले तीन आकडे आता काढा. फिकट भागात ग्रेड २ विकृतीचं प्रमाण जास्त असेल, तर तिथे रुग्ण कमी नाहीत, ते उशिरा सापडताहेत. चट्टा दिसल्यापासून हातापायांत विकृती येईपर्यंत बराच काळ जातो, आणि त्या काळात त्यांच्यापर्यंत कोणी पोचलेलं नसतं. असा भाग माझ्या मते नकाशावरचा सर्वांत तातडीचा भाग असतो, गडद भागापेक्षाही. त्याला वेगळी रेघांची खूण द्या, म्हणजे फिकट रंगामुळे तो नजरेआड होणार नाही. लोकसंख्येच्या दहा लाखांमागे ग्रेड २ रुग्ण किती, हा नकाशाही काढा. विकृती आलेला माणूस मोहीम नसतानाही दवाखान्यात येण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे मोहिमांचा परिणाम यावर कमी होतो.

नव्या रुग्णांत मुलं जास्त असतील तर संसर्ग अलीकडचा आणि चालू आहे असं समजा. उलट, रुग्णांचं वय वर्षागणिक वाढत जात असेल तर जुन्या संसर्गाचे रुग्ण पुढे येत असण्याची शक्यता आहे. नॉर्वेत रोग ओसरत गेला तेव्हा नव्या रुग्णांचं वय असंच चढत गेलं होतं.

गरिबी, घरातली दाटी, दवाखान्याचं अंतर यांच्याशी दराचं नातं तपासायचं असेल तर प्रतिगमन (एका आकड्याचं दुसऱ्या आकड्यांशी असलेलं नातं मोजण्याची पद्धत) करता येतं, पण निष्कर्ष भागाबद्दलच काढा. गरीब तालुक्यात दर जास्त आहे, एवढ्यावरून तिथला गरीब माणूसच आजारी आहे असं ठरत नाही.

रंग, आणि रुग्णाची ओळख

रंगांबद्दल थोडक्यात: एकाच रंगाच्या चार-पाच छटा पुरेत, सगळ्या वर्षांच्या नकाशांना तेच गट ठेवा, आणि माहिती नसलेल्या गावाला शून्याचा रंग देऊ नका, राखाडी द्या. विरळ वस्तीची अवाढव्य क्षेत्रं डोळा खेचून घेतात, म्हणून रुग्णसंख्या दाखवणारी लहानमोठी वर्तुळं वरून टाका.

ओळखीचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. भारतात २०१९ मध्ये कायदा बदलेपर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून मान्य होतं. कायदा बदलला तरी गावातली नजर तितक्या लवकर बदलत नाही. ४०० वस्तीच्या गावावर ‘१’ हा आकडा छापला तर तो कोण, हे गावाला विचारावंही लागत नाही. घराच्या जागेवर ठिपका ठेवलेला नकाशा कामाच्या संगणकाबाहेर जाता कामा नये, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. बाहेर द्यायच्या नकाशात पाचपेक्षा कमी रुग्ण असलेल्या घटकांचा आकडा झाका किंवा घटक एकत्र करा. ठिपके दाखवणं अपरिहार्य असेल तर प्रत्येक ठिपका ठरावीक मर्यादेत यादृच्छिक सरकवा, आणि तसं केलंय हे नकाशावर लिहा. यादीतून नावं आणि फोन क्रमांक विश्लेषणाआधीच वेगळे काढा.

नकाशा घेऊन बाहेर

आता गावं निवडा: पुंजक्यातली, उशिरा सापडणारी, आणि तुलनेसाठी काही फिकट पण तशीच दिसणारी. ही तिसरी सोडू नका, त्यांच्याशिवाय तुमचा नकाशा खरा ठरला की नाही हे कळायला मार्ग नाही. रुग्णांच्या संपर्कातल्यांना तपासून रिफाम्पिसिन या औषधाचा एक डोस देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केली आहे. त्यामुळे तुमच्या यादीवरून केवळ तपासणीच नाही, प्रतिबंधाचं कामही ठरू शकतं.

पथकाला द्यायच्या फॉर्ममध्ये एक रकाना आग्रहाने ठेवा: किती लोकांना प्रत्यक्ष तपासलं. बहुतेक फॉर्ममध्ये फक्त सापडलेल्यांची संख्या असते. प्रत्येक गावात तपासलेल्यांची संख्या मिळाली, की पुढच्या वर्षीच्या नकाशात जनगणनेच्या लोकसंख्येऐवजी तीच भाजक म्हणून वापरता येईल, आणि शोधाचा परिणाम अंदाजाने नाही, हिशेबाने वजा करता येईल.